तबेल्यातील औषध आणि सईसाची सही

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

‘आम्ही सोलापुरात विडी घरकुलात राहतो. आई विड्या वळते, मी गारमेंटमध्ये शिलाईला जाते. माझा चोवीस वर्षांचा भाऊ पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या एका ट्रेनरकडे सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा कामगार, आहे. त्याच्याकडची घोडी मागच्या महिन्यात शर्यत जिंकली आणि नंतर तिच्या नमुन्यात फिनाइलब्युटाझोन नावाचे वेदनाशामक सापडले. आता चौकशी लागली आहे. साहेबांनी, म्हणजे त्या ट्रेनरने, भावापुढे इंग्रजीत टाइप केलेला कागद ठेवला आहे. “शेजारच्या ठाणावरच्या घोड्याचे औषध माझ्या हातून चुकून या घोडीच्या दाण्यात गेले,” असे त्यात लिहिल्याचे जमादार, म्हणजे तबेल्यातला मुकादम, सांगतो. भाऊ म्हणतो, मी असे काही केलेले नाही. शर्यतीच्या दोन दिवस आधी जमादाराला दाण्यात पांढरी पूड मिसळताना मात्र पाहिले. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी साहेबांनी ८०,००० रुपये उचल दिली होती, ती अजून फिटायची आहे. “सही कर, थोडे दिवस घरी बसावे लागेल, पगार चालू राहील,” असे ते म्हणतात. आई म्हणते, ज्यांनी वेळेला हात दिला त्यांच्यासाठी एवढे करावे. मला वाटते त्याला सरळ घरी बोलावून घ्यावे. काय करावे?’

— एक बहीण, सोलापूर

उत्तर

ताई, तुमच्या भावाने त्या कागदावर सही करू नये, आणि चौकशी होईपर्यंत तुम्ही त्याला सोलापूरला बोलावूनही घेऊ नये. पहिली गोष्ट तुमच्या मनात आधीच आहे, ती पक्की करण्यासाठी तुम्ही पत्र लिहिले असावे असे वाटते. दुसरी कदाचित पटणार नाही, म्हणून तिचे कारण लगेच सांगतो. ज्याच्या हातात घोडीची देखभाल होती तो मुलगा चौकशीच्या तोंडावर गाव गाठतो, तेव्हा त्याच्या गैरहजेरीत त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगू शकतो आणि ते खोडून काढायला तिथे कोणी नसते. आज जे त्याच्याकडून लिहून घेऊ पाहत आहेत, ते त्याने लिहून न देताच सिद्ध झाल्यासारखे होईल. त्याने पुण्यातच राहावे, रोजचे काम नेहमीसारखे करावे आणि बोलावणे आले की समोर जावे.

मुंबई आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या नियमांनुसार चालतात, आणि जगभरच्या शर्यतींच्या नियमांत जे तत्त्व आहे तेच येथेही लागू आहे: घोड्याच्या शरीरात शर्यतीच्या दिवशी निषिद्ध द्रव्य सापडले, तर त्याचे उत्तर सर्वप्रथम ट्रेनरने द्यायचे असते. ते त्याने स्वतःच्या हाताने दिले की नाही, त्याला माहीत होते की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. औषधाच्या दुकानात भिंतीवर ज्याचा परवाना लावलेला असतो, त्याला गल्ल्यावरच्या पोराने चुकीची गोळी दिली म्हणून हात झटकता येत नाहीत; ट्रेनरच्या परवान्याचेही तसेच आहे. घोडा कोणी हाताळायचा, दाणा कोणी मिसळायचा, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहायची, हे तोच ठरवतो, माणसे तोच नेमतो, आणि घोडा जिंकला की बक्षिसातला वाटाही त्याच्याकडे जातो. म्हणून जबाबदारीही त्याच्याकडेच जाते, आणि ती सईसाच्या सहीने दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

हा नियम कठोर आहे असे पुष्कळ ट्रेनर म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. पण त्याच्याशिवाय काय होईल हे समजण्यासाठी नमुना कसा घेतात ते डोळ्यांपुढे आणावे. शर्यत संपल्यावर जिंकलेल्या आणि निवडलेल्या घोड्यांना थेट नमुना घेण्याच्या बंदिस्त खोलीत नेतात. तुमचा भाऊही त्या दिवशी लगाम धरून तिथे उभा राहिला असेल. घामाने निथळणारी घोडी, खाली पेंढा, हलकी शीळ घालणारा सईस, कारण शीळ ऐकून लघवी करायची सवय घोड्यांना लावलेली असते, आणि लांब दांडीला अडकवलेले भांडे घेऊन थांबलेला कर्मचारी. घोड्याने दादच दिली नाही तर रक्त घेतात. मग तो नमुना दोन भागांत विभागून, सीलबंद करून, त्यावर फक्त क्रमांक टाकून प्रयोगशाळेकडे जातो. तपासणाऱ्याला घोड्याचे, मालकाचे किंवा ट्रेनरचे नाव कळत नाही. पहिल्या भागात काही सापडले आणि ट्रेनरने आव्हान दिले, तर दुसरा भाग तपासतात. ही सगळी साखळी इतकी काटेकोर असूनही शेवटी प्रयोगशाळा एवढेच सांगू शकते की अमुक द्रव्य या शरीरात होते. ते पहाटे चार वाजता कोणाच्या हाताने गेले, हे ती सांगू शकत नाही, आणि घोडी तर बोलत नाही. ते हात सिद्ध झाल्याखेरीज कोणालाच जबाबदार धरायचे नाही असे ठरवले, तर एकही प्रकरण तडीला जाणार नाही आणि प्रत्येक तबेल्यात कागदावर सही करणारा एक गरीब मुलगा कायमचा पाळून ठेवला जाईल. म्हणूनच हा नियम आहे.

आता या सहीने नेमके काय होईल ते पाहा. अमेरिकेत २०२० साली बॉब बॅफर्ट या नामांकित ट्रेनरच्या दोन घोड्यांमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध सापडले. त्यांचे म्हणणे असे होते की सहायकाने स्वतःच्या पाठदुखीसाठी वेदनाशामक पट्टी लावली होती आणि त्या हातांनी घोडे हाताळताना औषध लागले. अपिलात ट्रेनरवरील निलंबन उठले, घोड्यांचे क्रमांकही परत मिळाले, पण आर्थिक दंड राहिला आणि तो ट्रेनरवरच राहिला. पुढच्याच वर्षी, १ मे २०२१ रोजी, त्यांचाच मेडिना स्पिरिट हा घोडा केंटकी डर्बी ही प्रसिद्ध शर्यत जिंकला आणि त्याच्या रक्तात एका मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम बीटामेथासोन हे सूज कमी करणारे औषध आढळले. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आधी हे औषध दिलेच नाही असे सांगितले गेले, मग त्वचेच्या पुरळासाठी लावलेल्या मलमातून ते गेले असे पुढे आले. तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये घोडा अपात्र ठरला आणि ट्रेनरला ९० दिवसांचे निलंबन व दंड झाला. म्हणजे कारण खरे, पटणारे आणि कागदोपत्री मांडलेले असले, तरी त्याने शिक्षा फार तर कमी होते. उत्तर देण्याचे काम ट्रेनरकडून सुटत नाही. तुमच्या भावाच्या खोट्या कबुलीने साहेबांची शिक्षा थोडी हलकी होईल इतकाच त्यांचा हिशोब असणार. आणि भावाचे? शर्यतीच्या घोड्याला निषिद्ध औषध दिल्याची स्वतःची लेखी कबुली त्याच्या नावावर नोंदली जाईल, आणि एका टर्फ क्लबने बंदी घातलेला माणूस मुंबई, बंगळूर, हैदराबाद कुठेच रेसकोर्सवर उभा राहू शकत नाही. ‘थोडे दिवस घरी’ हे आश्वासन देणे साहेबांच्या हातातच नाही, कारण ते दिवस ते ठरवत नाहीत, चौकशी करणारे क्लबचे अधिकारी, म्हणजे स्टुअर्ड, ठरवतात.

या जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून नोकरी केलेला माणूस या नात्याने औषधाविषयीही बोलले पाहिजे, कारण ‘वेदनाशामकच तर होते, उत्तेजक थोडेच’ असे तुम्हाला कोणीतरी सांगणार आहे. फिनाइलब्युटाझोन घोड्यांसाठी अनेक दशके वापरात आहे आणि योग्य वेळी ते चांगलेच औषध आहे. लंगडणाऱ्या घोड्याला मीही ते दिले आहे. पण ते दिल्यावर घोड्याला विश्रांती द्यायची असते, शर्यतीत उतरवायचे नसते. साडेचारशे ते पाचशे किलोचे जनावर तासाला साठ किलोमीटरच्या वेगाने धावते, तेव्हा प्रत्येक टापेला एका पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो, आणि तो भार पेलणारे हाड खाली मनगटाएवढे बारीक असते. त्या हाडात बारीक चीर पडलेली असेल तर दुखणे घोड्याला आखडते घ्यायला लावते. औषधाने दुखणे गप्प केले की घोडे त्या चिरेवर पूर्ण जोर देऊन धावते, आणि मग भर शर्यतीत पाय मोडतो. घोड्याचा असा मोडलेला पाय बहुतेक वेळा जोडता येत नाही, आणि त्याच्या पाठीवर एक जॉकी बसलेला असतो, मागून आणखी दहा-बारा घोडे येत असतात. जनावराला जाणूनबुजून, कारण नसताना अपायकारक औषध देणे हा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार गुन्हाही आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही, असे ठरवले आणि त्या आधारावर हा सगळा व्यवसाय उभा आहे. ज्या घोड्याचे दुखणे औषधाने लपवले आहे त्याच्या धावण्यात कोणाचे कौशल्य मोजायचे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

पण साहेब दोषीच आहेत असे मी म्हणत नाही, आणि तुमच्या भावानेही म्हणू नये. निषिद्ध द्रव्य घोड्याच्या पोटात जाण्याच्या निष्पाप वाटाही असतात. आपल्याकडे बांधाबांधावर उगवणारा धोत्रा लसूणघासात कापला गेला, त्याची पाने किंवा काटेरी बोंड गंजीत आले, तर नमुन्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन दिसते. कोकोच्या टरफलाचा अंश असलेल्या खाद्यातून थिओब्रोमिन येते. औषधाखाली असलेल्या घोड्याची बादली न धुता दुसऱ्याला लावली, किंवा स्वतः गोळ्या घेणाऱ्या कामगाराने ठाणावरच लघवी केली आणि घोड्याने तो पेंढा खाल्ला, अशीही प्रकरणे जगात झालेली आहेत. शेजारच्या ठाणावरच्या घोड्याला खरोखरच हे औषध चालू असेल, तर चूक होणे अशक्य नाही. फक्त ती चूक तुमच्या भावाची होती असे त्याला स्वतःला ठाऊक नसताना त्याने ते सांगायचे नाही.

हेच त्या पांढऱ्या पुडीलाही लागू आहे, आणि इथे मला तुमच्या भावाची जास्त काळजी वाटते. रागाच्या भरात तो ‘जमादाराने औषध घातले, मी डोळ्यांनी पाहिले’ असे म्हणून बसेल. त्याने औषध पाहिलेले नाही, पांढरी पूड पाहिली आहे. ती क्षारमिश्रण असेल, कॅल्शियम असेल, खायचा सोडा असेल. सोडाही निर्दोष नसतो. शर्यतीआधी काही तास तो पाण्यात कालवून नाकातून नळीने पोटात सोडतात, स्नायूंतले आम्ल मारून थकवा लांबवण्यासाठी, आणि म्हणूनच रक्तातील कार्बन डायऑक्साइडला लिटरमागे ३६ मिलिमोलची आंतरराष्ट्रीय मर्यादा घातलेली आहे. पण दोन दिवस आधी दाण्यात घातलेली पूड म्हणजे तो प्रकार नव्हे. भावाने सांगावे ते एवढेच: अमुक वारी, अमुक वेळी, जमादाराने या डब्यातून या रंगाची पूड या बादलीत घातली, मी विचारले नाही, मला काय ते माहीत नाही. असे मोजके बोलणाऱ्या माणसावर चौकशीत विश्वास बसतो. अंदाज जोडला की बाकीचे खरे सांगितलेलेही संशयात जाते.

आज रात्रीच त्याने एका वहीत, मराठीत, आपल्या हाताने, शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात रोज काय केले ते आठवेल तसे लिहून तारीख टाकावी: घोडीला कोणी दाणा दिला, पशुवैद्य कधी आले, शेजारच्या घोड्याला काय चालू होते, औषधांची नोंदवही कोण भरतो, रात्री पहाऱ्याला कोण होते. जे आठवत नाही तिथे आठवत नाही असेच लिहावे. त्या वहीची पाने फोनवरून तुम्हाला पाठवून ठेवावीत. साहेबांचे किंवा जमादाराचे या विषयावरचे संदेश पुसू नयेत. त्या इंग्रजी कागदाची प्रत मागावी. मिळाली नाही तर ती मागितल्याचे आणि नकार मिळाल्याचे वहीत लिहावे. नोकरीला लागताना त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतली होती का, हेही त्याला आजच विचारा, कारण तसे असेल तर ते चौकशीत त्याने स्वतःहून आधी सांगणे फार महत्त्वाचे आहे. चौकशीत मराठीत किंवा हिंदीत बोलण्याची परवानगी मागावी, आणि त्याचा जबाब लिहून घेतला गेला तर तो त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. शर्यत खेळणाऱ्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा कोणा पत्रकाराकडे तूर्त एक शब्दही बोलू नये.

कायदेशीर सल्ल्यासाठी पैसे नाहीत म्हणून अडून बसू नका. सोलापूरच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. भावाने पुण्यातील अशाच कार्यालयात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करून आपण कोणत्या गटात बसतो ते विचारावे. टर्फ क्लबची चौकशी न्यायालयात चालत नाही, पण खोटा कबुलीजबाब लिहून घेण्यासाठी दबाव येत असेल तर काय करता येते, हे तिथला वकील नीट सांगू शकेल.

आता आईच्या म्हणण्याकडे येतो. ते मी हलक्याने घेत नाही. ऑपरेशनच्या दिवशी पैसे उभे करणे काय असते हे विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला जितके कळते तितके दुसऱ्या कोणाला कळणार नाही, आणि त्या वेळी साहेबांनी माणुसकी दाखवली हे खरेच आहे. त्याची परतफेड पैशाने, वेळेवर, पावती घेऊन करायची असते. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी उचलीपायी काय काय सोसले ते आई जाणते. घेतलेली उचल कामाने किंवा पैशाने फिटते, दुसऱ्याचा दोष अंगावर घेऊन ती फेडण्याचा करार कुठेही झालेला नव्हता. दरमहा किती कापले गेले आणि किती राहिले याचा हिशोब भावाने लेखी मागावा, आणि उरलेले हप्त्याने देण्याची तयारी नम्रपणे, पण कागदावर कळवावी. आईला मी एवढेच विचारेन, की उद्या उलट झाले आणि आपल्या मुलावर असे संकट आले, तर त्याच्यासाठी साहेब स्वतःचा परवाना देतील का?

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती विचारल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. भावाला एकट्याने, न रागावता विचारा की त्याने आजवर कधी कोणाच्या सांगण्यावरून घोड्याला गोळी, पूड किंवा सुई दिली आहे का. दिली असेल तर सांगणाऱ्याचे नाव घेऊन त्याची सुटका पूर्ण होत नाही. अमेरिकेत २०२० च्या मोठ्या उत्तेजक प्रकरणात होर्हे नवारो या ट्रेनरला पाच वर्षांची कैद झाली, पण औषधे तयार करून पुरवणारा पशुवैद्यही त्याहून अधिक काळासाठी तुरुंगात गेला. हुकमाखाली काम करणाऱ्या पोराकडे अर्थातच वेगळ्या नजरेने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण तसे काही असेल तर वकिलाला आधी सांगा आणि मग स्टुअर्डांपुढे जे खरे तेच सांगा. साहेबांचा कागद खोटा म्हणून नाकारायचा आणि आपले मात्र झाकून ठेवायचे, असे केले तर त्याच्या बाजूने बोलायला माझ्यासारख्यालाही जागा राहणार नाही.

नोकरी जाईल का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण भीती तीच आहे. या तबेल्यातली जाऊ शकते, आणि त्याची तयारी घरात आत्तापासून ठेवावी. मात्र ज्याला बिथरलेल्या घोडीला ठाणावर शांत करता येते, पायाला हात लावून ताप ओळखता येतो, त्याच्या हाताला काम आहे. पुण्यातच दुसरे ट्रेनर आहेत, आणि चौकशीत सरळ बोललेला सईस त्यांतल्या चांगल्यांना नकोसा नसतो. घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्था आहेत. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो, तिथे जातिवंत घोडे बाळगणारे मालक दरवर्षी जाणकार माणसाच्या शोधात असतात. माझ्या ओळखीचे काही जण आहेत, त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. चौकशीची तारीख आणि भावाचा फोन नंबर सदराच्या पत्त्यावर बंद पाकिटात पाठवा. तो कुठेही छापला जाणार नाही.